मंगळवारी विचारलेलं नाव

तेओदोसियाच्या हातचा आपी प्यायला उंच पठारावरच्या ओरुरो शहराच्या बाजारात सकाळी उजाडायच्या आत माणसं उभी असायची. जांभळ्या मक्याचं गरम, दाट पेय, त्यात दालचिनी आणि लवंग, सोबत तेलातून काढलेली टम्म पुरी आणि आत चीज. थंडीने बोटं आखडलेले हमाल पेला दोन्ही हातांत धरून आधी बोटं शेकायचे आणि मग प्यायचे.

"दोन्या तेओ, आज लवंग जास्त पडलीय बघा."

"बरंय की. तोंडाचा वास तरी जाईल तुझा. पी गुपचूप."

साठीला आलेली ही बाई, सगळ्यांची दोन्या तेओ, म्हणजे तेओबाई, बोलायला फटकळ होती, पण मनाने मोकळी. उधारीवर कुरकुरायची नाही, म्हाताऱ्यांच्या पेल्यात एक डाव जास्त ओतायची. तिच्याविषयी बाजारातल्या बायकांना एकच गोष्ट उमगत नसे. तिथे प्रत्येकीचं पोर दुसरीच्या मांडीवर वाढलेलं. सुटे पैसे आणायला, नळावर, कुठेही जायचं झालं की पाठीवरचं मूल सोडून शेजारणीकडे द्यायचं, ही रीतच. पण "जरा धर गं, आलेच" म्हणून कुणी तान्हं मूल तेओपुढे केलं की तिला लगेच पातेल्यापाशी काहीतरी काम निघे. नाहीतर ती पलीकडच्या बटाटेवालीला हाक मारी. "हिला घे गं, माझे हात तेलकट आहेत."

बाजारात हे खपून गेलं. घरात खपेना.

तिची एकुलती एक मुलगी वितालिया बस कंपनीच्या तिकीट खिडकीवर कामाला होती. चाळिशी उलटल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिला मुलगा झाला. नाव नोए. रजा संपत आली तसा मायलेकींमध्ये रोज एकच वाद.

"आई, तू दहाला मोकळी होतेस. मी येईपर्यंत तर बघायचंय त्याला."

"मला नाही जमायचं."

"का नाही जमायचं?"

"वय झालं माझं."

"एवढं मोठं पातेलं एकटी उचलतेस तू. हा त्याच्या निम्माही नाही." आणि मग वितालिया जे इतकी वर्षं बोलली नव्हती ते बोलली. "तू मला तरी कधी घेतलंस? आजी सांगायची, मला आंघोळ घालायची म्हटलं की तू शेजारणीला बोलवायचीस. मला वाटायचं, मुलगा हवा असेल तुला. आता मुलगा आहे ना हा."

तेओ पातेलं घासायला उठली. उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

वितालिया जन्मली ती कार्निव्हलचे ढोल नुकतेच थांबले होते तेव्हा, नऊ फेब्रुवारीला. बाळंतपण नीट झालं. पण मग तेओची झोप उडाली. रात्र न् रात्र डोळे टक्क उघडे. आपलं दूध कडू झालंय, बाळाच्या पोटात गेलं तर त्याचं बरंवाईट होईल, असं तिच्या मनाने घेतलं. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, वारं बाधलं, बाळंतिणीचा सुवारोग आहे, ऊब द्या आणि अंधाऱ्या खोलीत ठेवा. सासूला ते पटलं नाही. एका पहाटे तेओ अनवाणी रेल्वेच्या रुळांवरून चालताना सापडली, आणि त्याच दिवशी नवऱ्याने, सेवेरोने, तिला सांता रुफिनात नेऊन सोडलं. शहराबाहेरचं, नन चालवत असलेलं बायकांचं वेड्यांचं इस्पितळ. तिथे ती वर्षाहून अधिक काळ राहिली.

घरी परतल्यावर सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवली: तेओला छातीचा आजार झाला होता, खाली कोचाबांबाच्या उबदार हवेत ठेवलं होतं. मुलीला तेच सांगितलं. पुढे सासू गेली, आई गेली, सेवेरोही गेला. खरी गोष्ट आता जगात एकट्या तेओला माहीत होती.

आणि त्या गोष्टीतला तिच्या लेखी सगळ्यात वाईट भाग तर तिने सेवेरोपाशीही कधी काढला नव्हता. सांता रुफिनात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी डॉक्टर यायचे. एकेकीला समोर बसवून चार प्रश्न विचारायचे. आज वार कोणता, देशाची राजधानी कोणती, नवऱ्याचं नाव काय. आणि तेओला शेवटी, मुलीचं नाव काय. बाकीची उत्तरं ती धडाधड द्यायची. मुलीचं मात्र दर वेळी चुकायचं. डॉक्टर मान हलवायचे आणि पुढचीला बोलवायचे. स्वतःच्या मुलीचं नाव जिच्या डोक्यातून पुसलं जातं, तिच्या हातात मूल कुणी आणि का द्यावं? मुलासोबत आलेलं वेड मुलासोबतच परत यायचं, या धास्तीने तिने स्वतःच्या लेकीला चार माणसांच्या देखतच काय ते जवळ घेतलं. आता नातवाच्या वेळी साठीच्या उंबरठ्यावर ती पुन्हा तिथेच उभी होती.

सत्तावीस मे हा आमचा मातृदिन. त्या दिवशी कचेऱ्या लवकर सुटतात आणि पोरंबाळं आयांना कुठे ना कुठे नेतात. वितालियाचा राग निवळला नव्हता, पण दिवस चुकवायचा नाही म्हणून ती नोएला पाठीला बांधून आली.

"चल. वैद्यक महाविद्यालयाच्या संग्रहालयात आज आयांना चॉकलेट आणि फूल देतात."

"आम्हाला काय करायचंय डॉक्टरांच्या घरी?"

"फुकट आहे. चॉकलेट आवडतं ना तुला? झालं तर मग."

दारात एका मुलीने तेओच्या शालीला लाल कार्नेशन टोचलं, हातात वाफाळता पेला दिला. तेओने एक घोट घेतला आणि वर पाहिलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सांता रुफिना. रुग्णांनी स्वतः लिहिलेले कागद.

तिने दुसरा घोट घेतलाच नाही.

"वेड्यांचं इस्पितळ होतं ना गं ते?" वितालिया म्हणाली. "बंद झाल्यावर तिथली सगळी कागदपत्रं म्हणे ह्यांनी आणून जपून ठेवली. ये, बघू तरी."

"मला बसायचंय."

"एक फेरी मारू, मग बसू."

लांबट दालन होतं. कडेने काचेच्या पेट्या, त्यांत बारके दिवे. कागद तरी किती तऱ्हेचे. साखरेच्या पुड्यांचे निळे कागद, औषधांच्या खोक्यांचे आतले पुठ्ठे, प्रार्थनेच्या पुस्तकांचे कोरे समास. बायकांनी जे मिळेल त्यावर लिहिलं होतं. आणि लिहिलेलं पोस्टात न टाकता डॉक्टरांनी प्रत्येकीच्या फायलीत लावून ठेवलं होतं, आजाराचा पुरावा म्हणून. हे सगळं पाटीवर सरळ लिहिलं होतं. तेओने ती पाटी दोनदा वाचली. म्हणजे नन ज्या पेटीत पत्रं टाकायला सांगत, ती पेटी पोस्टाची नव्हती. तिची सगळी पत्रं जिन्याखालच्या त्या पेटीतून थेट डॉक्टरांच्या मेजावर गेली होती. मग कुणाचंच उत्तर येईना म्हणून ती रडायची, ते कशासाठी?

पुढे दोन बायका पेटीवर वाकून हसत होत्या.

"ही बघ, हिने बिशपला तक्रार लिहिलीय, सूप पातळ असतं म्हणून."

"सूप पातळ म्हणणारी वेडी होय? मग माझी सासू केव्हाच आत जायला हवी होती."

"तुझ्या सासूला ठेवून कोण घेईल? दुसऱ्या दिवशी परत पाठवतील."

त्यांच्या शेजारच्या पेटीत एका बाईने भावाला एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली होती: येताना माझा कंगवा आण. तेओला ती बाई आठवली. कासिमिरा. लांब मानेची, बोटांनी केस विंचरत खिडकीत बसणारी. तेओ सुटली तेव्हाही ती खिडकीतच होती.

"आई, हे ऐक." वितालिया पुढच्या पेटीपाशी थांबली होती. नोए तिच्या पाठीवर मान टाकून पेंगत होता. ती काचेला जवळजवळ नाक लावून वाचू लागली, तिकिटं वाचून दाखवायच्या सवयीने, खणखणीत.

"माझ्या आपोलोनिये, आज इथे गारा पडल्या. तुझ्या डोक्याला टोपरं घालतात ना? आजीला सांग, कान उघडे ठेवू नका, ओरुरोचा वारा आधी कानांतच शिरतो. मी इथे दोन वेळा जेवते. झोप लागते आता. तुझ्यासाठी मोजे विणायला घेतलेत, पण लोकर सिस्टर कुलपात ठेवतात..."

कागद साखरेच्या पुड्याचा होता, निळा, आणि त्याच्या कडेला काळ्या दोऱ्याचे टाके. पानं हरवू नयेत म्हणून दोऱ्याने शिवलेली. सुई मिळत नसे. हे टाके माशाच्या काट्याने घातले होते, हे त्या दालनात फक्त एका बाईला माहीत होतं.

"किती मायेने लिहिलंय," वितालिया म्हणाली. मग तिने खालची पाटी वाचली आणि तिचा आवाज बदलला. "अगं पण हे बघ. या रुग्णाने आपोलोनिया नावाच्या कल्पित मुलीला अनेक पत्रं लिहिली. तिच्या खऱ्या मुलीचं नाव वेगळं होतं. दर महिन्याला विचारूनही खऱ्या मुलीचं नाव तिला सांगता आलं नाही, त्यामुळे तिला रुग्णालयातच ठेवण्यात आलं. नाव बरोबर सांगताच तिला बरी झाली म्हणून घरी सोडण्यात आलं." ती सरळ उभी राहिली. "म्हणजे आपल्या पोटची बाजूला आणि मनातल्या मुलीला पत्रं. ती खरी पोरगी बिचारी. कळलं असेल का तिला कधी?"

तेओने पेटीच्या कडेला हात टेकला. काच गार होती.

नाव बरोबर सांगताच. हे तिला कुणी कधी म्हणालं नव्हतं. तिला वाटत होतं, औषधांनी बरी झाले. नाहीतर डोक्याला लावलेल्या त्या विजेने. नाहीतर आईने केलेल्या नवसाने.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. मुलीचं जावळ काढलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई भेटायला आली. एरवी आईला एवढा लांबचा प्रवास झेपत नसे. खुर्चीत टेकता टेकता आई म्हणाली होती, "काल वितालियाचं जावळ झालं. किती कुरळे केस गं तिचे."

"कोण वितालिया?"

"कोण म्हणजे? तुझी मुलगी."

पुढच्याच मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने वितालिया म्हटलं, आणि डॉक्टर पहिल्यांदाच हसले. आठवडाभरात ती घरी होती. तेव्हा तिने स्वतःशी एवढंच म्हटलं: मला नाव सांगितलेलं असणार, आणि मी ते विसरले होते. इतकी मी वेडी होते.

पण सांगितलं होतं का? कधी? कुणी?

तिला काही केल्या आठवेना. आठवायला लागलं ते भलतंच. सेवेरो दोनदा आला होता. टोपी मांडीवर ठेवून बसला होता. एकदा बाळ हसायला लागलं म्हणाला, एकदा बाळाला दात आले म्हणाला. आमच्याकडे वर्षाच्या आतल्या मुलाला नावाने कोण हाक मारतं? बाळच म्हणतात. तिने पुन्हा काचेत पाहिलं. पान जिथे संपल्यासारखं दिसत होतं तिथे ते संपलं नव्हतं. खालचा भाग मागे दुमडलेला होता. त्या घडीखाली तिनेच काहीतरी लिहिलं होतं.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुण बाई तिथून चालली होती. लुस्मिला नाव, ला पाझची, हे कागद सांभाळायचं काम तिचंच.

"बाई," तेओने तिला थांबवलं. "ह्याच्या घडीखाली काय आहे?"

"थोडा मजकूर आहे, मावशी. कागद कडक झालाय, घडी उलगडून ठेवली तर तुटेल. आत त्याचा फोटो काढून ठेवलाय आम्ही."

"मला वाचायचाय."

"तो असा दाखवता येत नाही. पूर्ण फाइल फक्त रुग्णाला नाहीतर जवळच्या नातेवाइकांना दाखवतो." लुस्मिला समजुतीने हसली. "ओळखीच्या होत्या का तुमच्या?"

"आई, चल आता," वितालिया म्हणाली. "चॉकलेट निवलं तुझं. कुणाचं काय वाचत बसतेस?"

नाही म्हणून निघून जाता आलं असतं. शालीवर फूल लावून घरी, मुलीच्या नजरेत एक फुप्फुसांची जुनी रोगी, तिरसट म्हातारी. तेओने मुलीकडे पाहिलं नाही. लुस्मिलाकडे पाहिलं.

"ती मी."

"काय तू?" वितालियाने विचारलं.

"हे मी लिहिलंय."

सूपवाल्या दोघी बायका हसायच्या थांबल्या. वितालियाचा हात आपोआप पाठीमागे गेला, मुलाच्या बुडाखाली.

आतली खोली लहान होती. एक मेज, तीन खुर्च्या, भिंतीला करड्या खोक्यांची मांडणी. लुस्मिलाने ओळखपत्र मागितलं आणि एका खोक्यातून फाइल काढून नाव ताडून पाहिलं. तिचे कान लाल झाले.

"ती पाटी मीच लिहिलीय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही..."

"मेले असेन."

"हो. क्षमा करा."

वितालिया उभीच होती. "छातीचा आजार होता ना तुला?" तिने फक्त एवढं विचारलं. "मी दर वर्षी तुझा एक्स-रे काढते. दर वर्षी रांगेत उभी राहते मी. डॉक्टर म्हणायचे, डागसुद्धा नाही, आणि मी म्हणायचे, नीट बघा, हिला होता."

 लुस्मिलाने फोटो मेजावर ठेवला. तेओने पहिली ओळ पाहिली, पुढे जाववेना. तिने तो मुलीकडे सरकवला.

"तू वाच."

"मी का?"

"माझ्याच्याने होत नाही. वाच."

वितालियाने वाचलं. या वेळी तिकीट खिडकीचा आवाज नव्हता.

"तुझं नाव आपोलोनियाच ठेवलं ना? नऊ फेब्रुवारीला कॅलेंडरात दुसऱ्या कुणा संतिणीचं नाव नाही, म्हणून मी तेच धरलंय. चुकलं असेल तर रागावू नकोस. तुझा बाप आला होता, तो बाळच म्हणतो. मी नाव विचारलं तर म्हणाला, आता डोक्याला ताण नको, डॉक्टर रागावतात. सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना विचार. डॉक्टरांना विचारलं, तर डॉक्टर मलाच विचारतात."

खाली तारीख होती. एप्रिलची. आत नेल्यापासून दोन महिनेही झाले नव्हते.

 बाहेर कुणीतरी मातृदिनाची कविता म्हणत होतं, टाळ्या पडत होत्या. लुस्मिला फायलीतली डॉक्टरांची कार्डं उलटत होती, आधी सावकाश, मग भराभर. प्रत्येकावर तोच प्रश्न, तेच उत्तर आणि त्यापुढे एकच शब्द: चूक. मे, चूक. जून, चूक. ऑगस्टच्या कार्डावर डॉक्टरांनी आणखी एक ओळ घातली होती: भ्रम दृढ होत आहे.

"मला कळत नाही," लुस्मिला म्हणाली. "आपोलोनियाच का?"

"तारखेचं नाव," तेओ म्हणाली. "माझ्या माहेरी कुणी नाव ठेवत नाही. ज्या संताच्या दिवशी मूल जन्मतं, त्याचंच नाव. मी एकोणतीस मेची, म्हणून तेओदोसिया. भाऊ मॅकारिओ, बहीण एदुविखेस. सगळ्यांचं तसंच. मला वाटलं, इथेही तसंच असणार."

"आणि मी वितालिया कशी?" वितालियाने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट होती ती. लोखंडी सामानाचं मोठं दुकान असलेली तिची धर्ममाता, बाप्तिस्म्याला आणलेला लेसचा झगा, आणि तिचंच नाव मुलीला दिल्याचा सासूला वाटणारा अभिमान.

"तुझी आजी म्हणाली असेल. धर्ममातेचं नाव द्यायचं. मी तिथे नव्हते."

"आणि तुला कुणी सांगितलं नाही."

"मला सांगितलं नव्हतं." तेओने ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, जणू समोर कुणी नाही म्हणत होतं. "सांगितलंच नव्हतं मला. मला वाटत होतं, सांगितलं आणि मी विसरले. आयुष्यभर मला हेच वाटत आलं."

"बाबांना काय झालं होतं? एक शब्द तर सांगायचा होता. एक नाव."

"त्याला वाटलं असेल, डॉक्टर सांगतील."

"आणि डॉक्टरांना वाटलं, नवऱ्याने सांगितलंय." वितालियाने मेजावर मूठ आपटली. नोए दचकून जागा झाला आणि कुरकुरू लागला. "कुणी वाईटही नव्हतं म्हणे. सगळे आपापल्या जागी नीट. आणि तू वर्षभर आत. एका नावासाठी." तिचा श्वास लागला होता. "आणि नंतर? नंतर मला का नाही सांगितलंस? मी काय केलं असतं? मला वाटत आलं, मी नको होते तुला."

तेओने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुझ्याजवळ थांबले तर पुन्हा तसं होईल असं वाटायचं."

"कसं?"

"तसं. नाव विसरण्यासारखं."

 वितालियाने तोंड फिरवलं. लुस्मिला हातातली कार्डं धरून तशीच बसली होती. तिच्या मागे भिंतभर करडी खोकी होती, आणि प्रत्येकात अशाच फायली.

"ती कंगवेवाली," तेओने तिला विचारलं. "कासिमिरा. तिला कोणता प्रश्न विचारायचे?"

"माहीत नाही. तिची फाइल आम्ही अजून पूर्ण वाचलेली नाही. एवढंच एक पान लावलंय."

"वाचा," तेओ म्हणाली.

लुस्मिलाने मान डोलावली, कागदावर काहीतरी टिपलं आणि उठली. म्हणाली, रुग्ण हयात असेल तर पान काढून घ्यायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. नाहीतर पाटी बदलू. तुम्ही म्हणाल तसं. दोन्हींसाठी अर्ज लागतो आणि ओळखपत्राची प्रत, आईची आणि मुलीची. झेरॉक्सचं मशीन खाली तळमजल्यावर. मी तोवर प्रमुखांना बोलावून आणते.

ती गेली. वितालियाने दोघींची ओळखपत्रं उचलली. हातांना काहीतरी काम मिळालं याचा तिला आधार वाटला असावा. दारापर्यंत जाऊन ती थांबली. जिना अरुंद आणि खडा होता, आणि नोए आता जोरात रडू लागला होता. तिने खांद्यावरची गाठ सोडली, मुलाला पुढे घेतलं आणि परत येऊन तेओच्या मांडीवर ठेवलं.

"धर," ती म्हणाली. त्यात माया नव्हती. ती अजून रागातच होती, आणि दुसरं कुणी तिथे नव्हतं, म्हणून.

दार लागलं.

तेओचे हात बाजूला तसेच उघडे राहिले. सवयीने तिने डावीकडे पाहिलं, बटाटेवालीच्या जागी. तिथे खोकी होती. मूल तिच्या मांडीवरून कलंडायला लागलं तेव्हा मात्र हात आपोआप पुढे आले आणि त्याला धरलं. जड होता. पाठीचा कणा बोटांना लागत होता. ती वाट बघत राहिली. छातीत ती जुनी धडधड सुरू होईल, डोक्यात तो आवाज येईल, दूध कडू, दूध कडू. नोए रडत होता आणि ती वाट बघत होती.

काही आलं नाही. नुसतं एक मूल भुकेने, नाहीतर झोपेने, नाहीतर नुसतंच रडत होतं, जशी मुलं रडतात.

आणि मग तिला धक्का बसला तो याचा. पानाचा नव्हे, पाटीचा नव्हे. पत्रातल्या त्या एप्रिलपासूनच ती बरी होती. त्या एप्रिलपासून आजपर्यंत. शेजारणीला बोलवून घातलेली प्रत्येक आंघोळ, बटाटेवालीकडे दिलेलं प्रत्येक पोर, वितालिया तापाने फणफणलेली असताना पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची टाकून, मध्ये अंतर ठेवून काढलेल्या रात्री. सगळं एका उत्तरापुढे लिहिलेल्या "चूक" या शब्दासाठी. ती रडली नाही. रडायला जेवढी जागा लागते तेवढीही आत राहिली नव्हती. तिने मुलाला उचलून खांद्याशी घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली, खाली, वर, खाली. हे कसं करतात ते हातांना ठाऊक होतं.

वितालिया परत आली तेव्हा तो गप्प झाला होता. तिने प्रती मेजावर ठेवल्या, डोळे पुसलेले होते, आणि हात पुढे केले.

"दे. दमली असशील."

"राहू दे," तेओ म्हणाली. "झोपतोय."

वितालिया समोरच्या खुर्चीत बसली. बराच वेळ ती आपल्या आईकडे, खांद्यावरच्या मुलाकडे आणि पुन्हा आईकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "सोमवारपासून कामावर जायचंय मला."

"दहाला दुकान आवरतं माझं."

"मला साडेनऊला निघावं लागतं."

"मग साडेनऊला येते," तेओ म्हणाली. "आपी लवकर संपला तर संपला. लोक जातील दुसरीकडे."